आहेराची वही

धाकट्या बहिणीचे लग्न यंदाच्या माघात झाले. मुहूर्त रविवारचा होता आणि मी आदल्या सोमवारी सकाळीच, पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन, स्वारगेटहून एसटीने वाईला येऊन उतरले. आमचे गाव वाईच्या पुढे, धोम धरणाच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आहे. वाईत त्या दिवसांत कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. माघापासून पुढे कित्येक आठवडे हा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत जातो, प्रत्येक आळीला तिच्या पाळीचा मान असतो आणि नदीला देवीचे रूप देऊन तिची पूजा बांधली जाते. लहानपणी आम्ही दोघी बहिणी आईचा पदर धरून प्रसादाला यायचो, तेव्हा गर्दीत धाकटीचा हात सुटू नये ही जबाबदारी माझ्याकडे असायची. ढोल्या गणपतीसमोर पत्रिका ठेवून मी नमस्कार केला, मुलाला घाटाच्या पायऱ्या दाखवल्या आणि फुलांची ऑर्डर नक्की करून गावाकडच्या जीपमध्ये बसले.

सहा दिवसांची रजा मी मुद्दाम काढली होती. नोकरीच्या ठिकाणी सगळ्यांनी विचारले की लग्न रविवारी असताना सोमवारपासून रजा कशासाठी, आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नव्हते. खरे कारण असे की, माझ्या स्वतःच्या लग्नाचा आठवडा मी पाहिलेलाच नाही. 2016 च्या मे महिन्यात माझे लग्न झाले तेव्हा मी नवरी होते, आणि नवरीला घरातले काही दिसत नाही. तिला पाटावर बसवतात, हळद लावतात, उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, कोणी ओटी भरते, कोणी हातात दुधाचा पेला देते. मागच्या अंगणात चुलाण कोणी पेटवले, मांडवाची मेढ कोणी रोवली, रात्री दोन वाजता भांडी कोणी घासली, यातले तिला काही कळत नाही. त्या आठवड्याची माझी आठवण म्हणजे हळदीचा वास, पायांखालचा गार पाट आणि एक सल. तो सल असा होता की, सासरी निघताना गाडीपाशी सगळे गाव उभे होते आणि त्या गर्दीत माझी धाकटी बहीण नव्हती. ती तेव्हा नववीत होती. मी काचेतून मागे वळून दोनदा पाहिले, पण ती दिसली नाही. पुढे नऊ वर्षांत मी तिला कधी विचारले नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही.

घरी पोहोचले तेव्हा अंगणात लग्नाची कुठलीच खूण नव्हती. सगळी माणसे हळदीच्या शेतात होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावतात, आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की ती काढायला येते, आणि यंदा ती काढणी नेमकी लग्नाच्या आठवड्यात आली होती. मजूर मिळाले त्या दिवशी काम उरकायचे, घरातले लग्न त्यांना सांगून काय उपयोग, असे म्हणत दादा, म्हणजे आमचे वडील, बांधावर उभे होते. जेठे गड्डे पुढच्या बेण्यासाठी बाजूला काढायचे, बाकीची हळद काहिलीत शिजवायची, मग पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची. ओल्या हळदीचे वजन वाळल्यावर पाचव्या हिश्श्यावर येते. शिजणाऱ्या हळदीचा वास कडवट, मातीचा आणि थोडा उग्र असतो, नवरीच्या अंगावरच्या हळदीसारखा तो मुळीच नसतो, आणि तो सबंध आठवडाभर घरात भरून होता. धाकटी डोक्याला फडके बांधून, काहिलीखाली पाचट सारत होती. शनिवारी हिला हळद लागायची आहे, हे तिच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे पाहून मला एकदम उमजले.

मंगळवार आमंत्रणांत गेला. पहिली पत्रिका गावच्या भैरवनाथाला, दुसरी मांढरदेवच्या काळूबाईला आणि तिसरी जेजुरीला पोहोचली होती. आता भावकीला घरोघर जाऊन अक्षता द्यायच्या होत्या. फोनवरून आमंत्रण पोहोचते हे खरे, पण आमच्याकडे दारात जाऊन, कुंकू लावून, ‘सगळ्यांनी यायचं’ असे तोंडाने म्हटल्याशिवाय ते आमंत्रण धरले जात नाही. वरच्या वाड्यातल्या तात्यांचे काय करायचे, हा प्रश्न घरात महिनाभर होता. तात्या म्हणजे दादांचे सख्खे चुलतभाऊ. सहा वर्षांपूर्वी बांधावरून वाद झाला, मोजणी आली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलाचाली नाही. मी आईला विचारले तर ती म्हणाली, “लग्नाला आणि मयताला भांडण आडवं येत नसतं.” संध्याकाळी दादा एकटेच अक्षता घेऊन वरच्या वाड्यात गेले. परत आले तेव्हा काही बोलले नाहीत. पायांवर पाणी घेतले आणि ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या टोपीखाली कपाळावर ओले कुंकू होते. तात्यांच्या घरातून त्यांना तसेच परत पाठवले नव्हते, हे आम्हांला त्यावरून कळले.

बुधवारी दादांनी मला ट्रंकेतून आहेराची वही काढून दिली आणि रविवारी मांडवात तू वही घेऊन बस, असे सांगितले. ही वही म्हणजे लाल कापडी बांधणीची जाड चोपडी आहे. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली वाळून काळे पडलेले हळदकुंकू आहे. तिच्यात आमच्या घरातली सगळी लग्ने आहेत. पहिले लग्न थोरल्या आत्याचे, 1973 सालचे, आणि ते आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेले आहे. त्या लग्नाची पाने मी दुपारभर वाचत बसले. दुष्काळाचे साल होते, आणि आहेराच्या रकान्यात रुपये क्वचितच दिसतात. ‘जोंधळे 1 पायली’, ‘जोंधळे अर्धी पायली’, ‘गूळ 1 ढेप’, ‘बाजरी 2 शेर’ असे एकाखाली एक आहे. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून पोटे भरण्याच्या दिवसांत माणसांनी स्वतःच्या कणगीतले धान्य काढून लग्नघरी आणून घातले होते, आणि आजोबांनी अर्ध्या पायलीचीही नोंद पूर्ण नावगावासह केली होती. पुढच्या लग्नांत पितळी तांब्ये येतात, मग स्टीलची ताटे, मग पातळे, मग 11 रुपये, 51 रुपये, 101 रुपये. प्रत्येक नावापुढे लाल शाईची एक बारीक खूण आहे. त्या घरी कार्य निघाले, तिथे आपण आहेर केला आणि घेतल्यापेक्षा थोडा वाढवून केला, असा त्या खुणेचा अर्थ. ज्या नावापुढे खूण नाही, त्या घरचे देणे अजून आपल्याकडे आहे.

पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ असे छापावे, हा आग्रह माझा होता. आहेर हे ओझे आहे असे मला मनापासून वाटत होते. लग्नसराईत एकेका महिन्यात आठ-दहा ठिकाणी जावे लागते, हातावर पोट असलेल्या घराला त्याची झळ लागते, आणि मानाच्या साड्या तर कोणीच न नेसता एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. मानाच्या साड्यांबाबत दादांनी माझे ऐकले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या बंद केल्या. आहेराचे मात्र त्यांनी ऐकले नाही. ते म्हणाले, “मोठ्या माणसाचा आहेर बंद केला तर त्याला बरंच वाटंल. पर जो एकावन्न रुपये घिऊन येतो, त्याला आपण काय सांगायचं? तुझं नको म्हणून?” तेव्हा मला ते पटले नव्हते. 1973 ची पाने वाचताना पटले. अर्धी पायली जोंधळे आणणारे ते घर आज गावातही नाही, मुंबईला गेले, पण वहीत ते आमच्या बरोबरीने आहे.

मग मी माझ्या लग्नाची पाने उघडली. अक्षर शाळकरी, गोल, ओळीवर नीट बसवलेले, धाकटीचे होते. माझ्या लग्नात वहीवर ती बसली होती, हे मला आजवर माहीतच नव्हते. तिने प्रत्येक पानाला समास आखला होता, अनुक्रमांक घातले होते, नाव, गाव, वस्तू, रक्कम असे चार रकाने पाडले होते. 212 क्रमांकापर्यंत सगळे स्वच्छ आहे. 212 आणि 213 यांच्या मध्ये, रकाने ओलांडून, एक ओळ आहे: ‘ताई निघाली. 6-20.’ त्यापुढे 213, 214 आणि 215 या तीन नोंदींत नावे आहेत, गावे आहेत, पण रक्कम नाही. तिथले आकडे दादांनी नंतर लाल पेनाने भरले आहेत. 216 पासून पुन्हा सगळे नीट आहे.

मी आईला विचारले. हरभरा निवडता निवडता तिने सहज सांगितले, की थोरल्या काकांनी पोरीला पैशांची पिशवी देऊन टेबलाशी बसवले होते, काही झाले तरी जागचे हलायचे नाही असे बजावले होते, आणि सगळे गाडीकडे गेले तेव्हा तिला सोडवायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. “लई वेळ बसली होती बघ. अंधार पडल्यावर मी जाऊन पिशवी घेतली.” एवढे बोलून आईने पुढचे सूप ओढले. मी वही मिटून काही वेळ तशीच बसून राहिले. त्या घटकेला धाकटी विहिरीवर होती, आणि तिच्याशी या विषयावर काय बोलावे हे मला त्या दिवशीही सुचले नाही, पुढेही सुचले नाही.

गुरुवारी मेढ रोवली. मांडवाच्या खांबाला आंब्याचा डहाळा, खणाचा तुकडा, हळकुंड आणि सुपारी बांधून मुहूर्तमेढ उभी राहिली, आणि त्याच दुपारी विहिरीवरची मोटार जळाली. घरात तीस माणसे, दारात आचाऱ्यांचे चुलाण, तीन दिवसांवर आठशे पाने. दुरुस्तीवाल्याने मोटार सोमवारशिवाय मिळणार नाही म्हणून सांगितले. दादांनी टँकरसाठी फोन सुरू केले. अर्ध्या तासात वरच्या वाड्यातला तात्यांचा मुलगा खांद्यावर काळ्या पाइपाचे भेंडोळे घेऊन आला, आमच्या टाकीत तोंड सोडले, आणि “तात्यांनी सांगितलंय, रविवारपतुर मोटार चालूच राहील,” असे म्हणून चहा न घेता निघू लागला. आजी ओसरीवरून ओरडली, की चहा घेतल्याशिवाय गेलास तर पाणी नको आम्हांला. तो बसला. पाइप ज्या बांधावरून आला होता, तो बांध कोणता हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

शुक्रवारी सकाळी कासार आला. चुडा भरायला घरातल्या, गल्लीतल्या सगळ्या बायका ओसरीवर गोल करून बसल्या. हा कासार वयाने सत्तरीचा असावा. तो माप विचारत नाही. पंजा हातात घेतो, अंगठ्याखालचा उंचवटा एकदा दाबतो आणि दोन-चार किंवा दोन-सहाची बांगडी काढतो, ती बरोबरच असते. धाकटीचा हात मऊ होता, तिचा हिरवा चुडा झटकन भरून झाला. आईच्या वेळेला मात्र तो थांबला. ऊस, हळद आणि म्हशी यांत चाळीस वर्षे राबलेला तो हात कडक झालेला होता, सांधे जाड झाले होते. त्याने तिची बोटे एकत्र जुळवली, साबणाचे पाणी लावले, आणि बांगडी पंजाच्या रुंदीवर आली तेव्हा आईशी तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलायला लागला. आई उत्तर द्यायला लागली आणि त्या क्षणी हात सैल पडून बांगडी आत गेली. दोन बांगड्या वाढल्या, बाकीच्या बसल्या. त्याच्या हातांतली ती समज पाहून मला आदर वाटला.

त्याच संध्याकाळी घाणा भरला. जात्याला हळदकुंकू लावले, खुंट्याला हळकुंड आणि सुपारी पिवळ्या फडक्यात बांधली, आणि पाच सुवासिनींनी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या हळकुंडांची हळद दळायला घेतली. आता घरी कोणी दळत नाही, जाते माळ्यावरून फक्त लग्नाला उतरते. तरीही थोरल्या आत्याने खुंट्याला हात घातला आणि तिच्या तोंडून आपोआप ओवी आली. पहिल्या ओवीत गणपती, मग भैरवनाथ, मग माहेरचे एकेक माणूस, मग नवरीचा मामा, नवरीची माय. तिला एरवी सांगून ओव्या आठवत नाहीत. आम्ही मागे एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायला बसवले होते तेव्हा ती दोन ओळींत अडखळली होती. जाते फिरायला लागले की त्या येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवून ठेवल्या, हे मला पुण्यात आल्यावर समजले आणि तेव्हापासून आत्याच्या शेजारी बसताना मी अधिक कान देऊन बसते. त्या दिवशी तिने एक ओवी थोरल्या लेकीवर म्हटली. थोरली सासरी गेली तेव्हा धाकटी दाराआड उभी होती, असा तिचा अर्थ होता. ती ओवी जुनी होती की आत्याने तिथल्या तिथे रचली, हे मी विचारले नाही. धाकटी पाटावर मान खाली घालून बसली होती.

शनिवारचे सगळे सांगत बसले तर दिवसाइतकेच लांबेल. आचारी पहाटे आले, सत्तर किलो तांदूळ निवडून झाला, भावकीतली पोरे वांगी चिरायला बसली. दुपारी बैलगाडीतून, वाजंत्र्यांच्या संगतीने, आंबा-जांभळाचे मांडवडहाळे आले, आणि आईने बैलांच्या पायांवर पाणी घालून त्यांना ओवाळले. आमचे देवक पंचपल्लव आहे. ते आणायला दादा आणि आई उपरण्या-पदराची गाठ बांधून मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले. त्यांच्या डोक्यावर चौघांनी धोतराचे छत धरले होते. त्यांतला एक कोपरा तात्यांच्या हातात होता. संध्याकाळी हळद लागली. सोमवारी काहिलीपाशी काळवंडलेल्या त्याच बोटांना मी पाचव्या हाताची हळद लावली. ग्रामसेवकांना द्यायचा विवाह नोंदणीचा अर्ज, त्यावरच्या तीन साक्षीदारांची नावे आणि भटजींची सही या गोष्टी मात्र मी रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, एका पिशवीत घालून ठेवल्या. माझ्या लग्नाची नोंदणी राहून गेली होती आणि पुढे पासपोर्टच्या वेळी दादांना वाईला तीन खेटे घालावे लागले होते.

रविवारी अक्षता 12 वाजून 35 मिनिटांनी पडल्या. मामाने धाकटीला बोहल्यावर आणले, अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली. त्यानंतर मी टेबलाशी बसले. समोर वही, कमरेला पिशवी, शेजारी तांदळाची वाटी आणि कुंकू. धाकटीने नऊ वर्षांपूर्वी आखले होते तसेच चार रकाने मी आखले होते. माणसे येत होती, नाव सांगत होती, मी लिहीत होते. पलीकडे पंगती उठत होत्या, बुंदीचा वास येत होता, माझ्या मुलाने दोनदा येऊन भूक लागल्याचे सांगितले आणि कोणीतरी त्याला जेवू घातले. कोणी, ते मला आजही माहीत नाही. एक म्हातारी आजी आली, पदराची गाठ सोडली, एकावन्न रुपये मोजले आणि मी लिहिताना वहीवर वाकून पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हते. “लिव्हलंस न्हवं?” तिने विचारले. मी तिचे नाव बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ती गेली. तात्या आले ते रांगेच्या शेवटी. वहीत त्यांच्या घरचे नाव प्रत्येक लग्नात होते. मी ते त्यांना न विचारता लिहिले. ते रक्कम बघून “बरोबर” एवढेच म्हणाले.

190 क्रमांक झाला तेव्हा सनईवाला गाडीकडे जाताना दिसला. मांडव रिकामा होऊ लागला. टेबलापुढे अजून चार माणसे उभी होती. मी त्यांना हात जोडले आणि म्हटले, “थोडं थांबता का? बहिणीला वाटंला लावून येते.” त्यांतले वयस्कर गृहस्थ म्हणाले, “आगं जा की, आम्ही कुठं चाललोय?” मी वही काखेत घेतली, पिशवी घट्ट खोचली आणि धावत गाडीपाशी गेले. आई, आत्या, आजी यांच्या गराड्यातून धाकटी माझ्यापाशी आली. तिच्या मुंडावळ्या माझ्या केसांत अडकल्या, त्या सोडवेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग ती गाडीत बसली. गाडी हलली, तेव्हा तिने काच खाली घेतली, माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाली, “ताई, वेळ लिहून ठेव.”

पाच चाळीस झाले होते.